पन्नास क्युसेक

“नदीला पाणी किती असतं?”

अमेरिकेच्या युटा राज्यातल्या झायन नॅशनल पार्कचे फोटो पाहिल्यावर बाबांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. फोटो मी चांगले निवडून पाठवले होते. दोन-दोन हजार फूट सरळ उठलेले लाल-पांढरे कडे, मावळतीच्या उन्हात पेटलेला वॉचमनचा सुळका, साखळी धरून डोंगरधारेवर चढणारी माणसं. आईने ग्रुपवर तीन अंगठे टाकले. मावशीने ‘सांभाळून जा गं’ लिहिलं, अजून कुणी तिकीटसुद्धा काढलेलं नसताना. बाबांनी मात्र सगळ्या फोटोंच्या तळाशी, झाडांच्या मधून चमकणारी बारीकशी रेघ तेवढी पाहिली.

मी शोधून सांगितलं, “ऑक्टोबरात पन्नासेक सीएफएस.”

“म्हणजे क्युसेक,” बाबा म्हणाले. “मग तसं म्हण ना.”

पुण्याच्या माणसाला क्युसेक शिकवावा लागत नाही. जुलै आला की खडकवासल्यातून इतके हजार क्युसेकने विसर्ग सुरू, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, हे वाक्य आपण वर्षानुवर्षं ऐकतो. दर सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर, हे बहुतेकांना सांगता येणार नाही. पण आकडा दहा हजारांच्या पुढे गेला की नदीपात्रातला भिडे पूल पाण्याखाली जाणार हे कळतं. बाबांचं पोट या शब्दावर भरलं. ते पाटबंधारे खात्यात होते, नीरेच्या डाव्या कालव्यावर, शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. माझं लहानपण पाटबंधारे वसाहतीत गेलं. पाणी सुटलं का, पाण्याची पाळी किती दिवसांची, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत पोचलं का, रात्री कोणी कालव्याचं दार उचललं का, याच गप्पा. कालव्याच्या पाण्यावर लक्ष ठेवणारा पाटकरी सकाळी दारात येऊन मोजपट्टीवरचा आकडा सांगून जायचा आणि तो आकडा बाबांच्या तोंडावर दिसायचा. दोन इंच कमी असला की त्या दिवशी आम्ही गृहपुस्तिका सहीला नेत नसू.

सुट्टीत वर्गातल्या मुली महाबळेश्वरला जायच्या. आम्ही जायचो धरणावर. तिथेही बाग, कारंजं वगैरे आई आणि आम्ही बघायचो, बाबा सांडव्याकडे. एकदा भाटघरला त्यांनी आम्हाला पाऊण तास उन्हात उभं केलं होतं, कारण तिथला ओळखीचा माणूस दारं दाखवणार होता. हे मी त्यांना पुढे बरीच वर्षं ऐकवलं.

तर हे बाबा आणि गुडघे दुखणारी आई ऑगस्टअखेरीस आमच्याकडे येणार होते आणि दिवाळीच्या आत परतणार होते. आम्ही राहतो अॅरिझोनात, फिनिक्सच्या चँडलर या उपनगरात. दोन वर्षांपूर्वीची ही गोष्ट, २०२४ची. ग्रँड कॅन्यन त्यांना मागच्या खेपेला दाखवून झालं होतं. काठावर उभं राहून आई म्हणाली होती, “खूपच खोल आहे,” आणि दहा मिनिटांनी चहा कुठे मिळेल ते विचारलं होतं. मी तिला दोष देत नाही. ग्रँड कॅन्यन ही वरून बघायची जागा आहे. ते इतकं मोठं की नजर कुठे टेकवावी कळत नाही. झायन उलटं. तिथे तुम्ही दरीच्या तळाशी असता, नदीच्या शेजारी, आणि मान वर करता. घाटाखालच्या कोकणातल्या गावातून सह्याद्री दिसतो तसं. म्हणून मला ती जागा त्यांना दाखवायची होती.

आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला एंजल्स लँडिंग, म्हणजे फोटोतली ती साखळीची डोंगरधार, चढायचं होतं. कॉलेजात असताना दर रविवारी पहाटेची एसटी पकडून कुठल्यातरी किल्ल्यावर जाणारी मी, शेवटचा धड ट्रेक होऊन बारा वर्षं झाली होती. ते झायनच्या बेतात खालच्या ओळीत, लहान अक्षरात लिहून ठेवलं होतं.

बेत एक्सेलमध्ये. नवरा या शीटला ‘पंचवार्षिक योजना’ म्हणतो. पण या पार्कला बेताशिवाय जाणं म्हणजे कार्तिकीला पंढरपुरात ऐनवेळी खोली शोधणं. २०२१ मध्ये इथे ५० लाखांवर माणसं येऊन गेली, त्यानंतरही आकडा ४५ लाखांच्या खाली उतरलेला नाही, आणि यातले बहुतेक सगळे एकाच सहा मैलांच्या रस्त्यावर येतात, कारण मुख्य दरी तेवढीच आहे. २००० सालापासून त्या रस्त्यावर वर्षाचा मोठा काळ खाजगी गाड्यांना बंदी आहे. गाडी प्रवेशद्वारापाशी किंवा बाहेर स्प्रिंगडेल गावात लावायची आणि पार्कच्या फुकट बसने आत जायचं. नऊ थांबे. सकाळी आठनंतर पार्किंग भरतं आणि बसची रांग दर्शनबारीसारखी वळणं घेते. म्हणून पहिला निर्णय: काहीही झालं तरी साडेसातला आत. दुसरा: स्प्रिंगडेलमध्ये राहणं परवडत नाही, पूर्वेला तासाभरावर कनॅब गाव आहे, तिथे मोटेल. तिसरा: जेवण बरोबर, म्हणजे आईचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी.

प्रवेशाला तेव्हा गाडीमागे ३५ डॉलर होते, किंवा ८० डॉलरचा वर्षाचा पास. हा हिशेब आता जुना झाला. २०२६ पासून अमेरिकेबाहेर राहणाऱ्या सोळा वर्षांवरच्या पाहुण्यांकडे परदेशी पाहुण्यांसाठीचा महागडा वार्षिक पास नसेल, तर झायनसकट अकरा गर्दीच्या पार्कांत माणशी १०० डॉलर जादा घेतात. आई-बाबांना आणायच्या बेतात असलेल्यांनी हे आधी बघावं. आईने हा आकडा ऐकला असता तर ती गाडीतच बसून राहिली असती.

नावाचंही एक प्रकरण आहे. १९०९ मध्ये हा भाग सरकारने संरक्षित केला तेव्हा त्याचं नाव होतं मुकुंतुवीप. तिथल्या दक्षिण पायूट लोकांचा शब्द. १९१८ मध्ये ते काढून मॉर्मन वसाहतकऱ्यांचं ‘झायन’ ठेवलं आणि पुढच्याच वर्षी नॅशनल पार्क झालं. नामांतर काही आपलीच मक्तेदारी नाही. बाबांना मुकुंतुवीप आवडलं. ते पुढे शेवटपर्यंत ‘तुमचं ते मुकुंद’ म्हणत राहिले.

आता नदी. व्हर्जिन नदीच्या उत्तर फाट्याने ही दरी कापली आहे, आणि दरीच्या वरच्या टोकाला, जिथे रस्ता संपतो, तिथून पुढे भिंती इतक्या जवळ येतात की नदी हीच वाट होते. या भागाला नॅरोज म्हणतात. हजार फूट उंच कातळ दोन्ही बाजूंना, मधली फट काही ठिकाणी जेमतेम वीस-तीस फूट. पाण्यातून चालत जायचं. ज्यांनी भंडारदऱ्यामागची सांदण दरी केली आहे त्यांना फार समजवायला नको. फक्त सांदणचा दगड काळा, आपला बेसाल्ट, लाव्ह्याचा, आणि इथला वालुकाश्म, म्हणजे अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या टेकड्या घट्ट होऊन झालेला. सांदणचा पहिला नियम आम्हाला क्लबातल्या दादांनी शिकवला होता: पावसाळ्यात त्या फटीत पाऊल टाकायचं नाही. नॅरोजलाही तोच नियम आहे, फक्त तो आकड्यात लिहिलाय. नदीचा प्रवाह १५० क्युसेकच्या वर गेला की नॅरोज बंद.

मी हे बाबांना सांगितलं आणि माझ्या हातून सूत्रं गेली.

“दीडशे? दीडशे म्हणजे काहीच नाही. आपल्या कालव्याला याच्या कितीतरी पट.” मग थोडं थांबून, “उतार किती आहे?”

उतार मैलाला ५० ते ८० फूट. बाबा गप्प झाले. कालव्याला मैलाला फूटभर उतार म्हणजे झालं. ऐंशी फुटांवरून येणारं पाणी दीडशे क्युसेक असलं तरी माणसाला उभं राहू देत नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी विचारलं, हा आकडा रोज कुठे बघायला मिळतो? अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं मोजणी केंद्र स्प्रिंगडेलपाशी नदीवर आहे आणि त्याचा आलेख कुणालाही नेटवर दिसतो, पंधरा-पंधरा मिनिटांचा. मी लिंक पाठवली. कौतुक म्हणून नव्हे, त्यांनी गप्प बसावं म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून, आमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजले, म्हणजे पुण्यात सकाळचे सात, की मेसेज यायचा. गुड मॉर्निंगची फुलं नाहीत, सुविचार नाही. नुसता आकडा. पंचेचाळीस. चव्वेचाळीस. चव्वेचाळीस. पाटकरी दारात येऊन सांगून गेल्यासारखा.

जुलैच्या मध्यावर आकडे उड्या मारायला लागले. त्यांचा फोन आला. “अगं, एका रात्रीत एवढा? आणि सकाळी परत खाली? तिथे पाऊस झाला का?” मी सांगितलं, इथेही मान्सून असतो, त्याला मान्सूनच म्हणतात, जुलै ते सप्टेंबर. दुपारी ढग येतात, तासभर कोसळतात, संपलं. उघडा खडक, माती नाही, झाडं विरळ, त्यामुळे पडलेलं पाणी जिरत नाही, ते सगळं एकदम घळीत उतरतं. पाऊस पंधरा-वीस मैलांवर पडत असतो आणि घळीतल्या माणसाच्या डोक्यावर निळं आभाळ असतं. हवामान खातं रोज चार पायऱ्यांत सांगतं, आज लोंढा येण्याची शक्यता किती. बाबा म्हणाले, “आपण कुठे उभे आहोत ते बघायचं नाही. पाणलोट कुठवर आहे ते बघायचं.” मग मी त्यांना १४ सप्टेंबर २०१५चा आकडा सांगितला. त्या दिवशी ही नदी साधारण पंधरा मिनिटांत ५५ वरून २,६३० क्युसेकवर गेली. पार्कातल्या कीहोल नावाच्या एका अरुंद घळीत सातजण होते. एकही वाचला नाही.

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला.

“सप्टेंबर नको,” बाबा म्हणाले. “दसऱ्यानंतर.”

अशी आमची तारीख ठरली. माझ्या एक्सेलने नाही.

एंजल्स लँडिंगला मात्र लॉटरी. २०२२च्या एप्रिलपासून तिथे परवाना लागतो, कारण शेवटच्या अर्ध्या मैलात एकाच साखळीला वर जाणारे आणि खाली येणारे लोंबकळत होते. शरद ऋतूसाठी १ ते २० जुलैदरम्यान ६ डॉलर भरून अर्ज करायचा, २५ जुलैला निकाल. मी अर्ज केला. २५ जुलैच्या सकाळी मेल उघडला: नंबर लागला नाही. वैतागून ग्रुपवर लिहायला गेले तर ग्रुप व्हिडिओंनी भरला होता. पुण्यात रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून पस्तीस हजारांच्या आसपास विसर्ग, सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरलेलं, पार्किंगमधल्या गाड्यांची नुसती टपं दिसताहेत. आमचं घर कोथरूडला, उंचावर. पण आईची मैत्रीण तिकडे राहते, तिला तळमजल्यावरून वर हलवलं होतं. मी लिहिलेलं पुसलं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी व्हर्जिन नदीचा आकडा आला नाही. तिसऱ्या दिवशी आला. त्रेपन्न. खाली एक ओळ: ‘कुठे पस्तीस हजार आणि कुठे हे.’

ते आले, नवरात्र झालं, दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला (फिनिक्समध्ये पारा अजून चाळिशी सोडायला तयार नव्हता, ऑक्टोबर हीट म्हणजे काय ते इथे येऊन बघावं) आणि आम्ही निघालो. फ्लॅगस्टाफवरून वर पेज, तिथून कनॅब. या रस्त्यावर घड्याळाचा जो तमाशा होतो तो कुणी आधी सांगत नाही. अॅरिझोना बहुतेक अमेरिकेसारखं उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करत नाही. नवाहो लोकांचा प्रदेश अॅरिझोनात असूनही करतो. पेज गाव परत अॅरिझोनाच्या वेळेवर. पुढे युटा, पुन्हा एक तास पुढे. फोन आपोआप मागे-पुढे होत राहतो, नवरा गाडीच्या घड्याळावर विश्वास ठेवतो, आणि बाबांचं मनगटी घड्याळ दोन महिने भारतीय वेळेवरच होतं. एरवी हसून सोडलं असतं. पण एंजल्स लँडिंगची आणखी एक लॉटरी असते, आदल्या दिवसाची; दुपारी तीनच्या आत अर्ज, चारला निकाल. पेजमध्ये आम्ही धपाटे खात होतो, घड्याळात दीड. अजून दीड तास आहे म्हणून मी निवांत ताक पीत होते.

“युटात अडीच वाजले असतील,” बाबा म्हणाले. ते मनात मनगटावरच्या भारतीय वेळेतून साडेअकरा तास वजा करत बसले होते.

हातातला पेला गाडीच्या टपावर तसाच राहिला. अर्ज गेला दोन चाळीसला, युटाच्या वेळेने. एकटीचाच, नवऱ्याला तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली बघितलं तरी दृष्टिभय होतं. कनॅबला मोटेलच्या वायफायवर मेल आला. लागला.

त्या रात्री मी बूट काढून ठेवत होते आणि पलीकडच्या खोलीत बाबा आईच्या शिवणाच्या टेपने एक काठी मोजत होते. काठी आम्ही नदीसाठी आणलेली. त्यांनी आईच्या वेणीची रबरं मागून घेतली आणि दर फुटाला एक रबर, अशी पाच रबरं चढवली. आईने विचारलं नाही. संसाराला चाळीस वर्षं झाली की काही गोष्टी विचारायच्या राहत नाहीत.

पूर्वेकडून आत शिरताना आधी बुद्धिबळाच्या पटासारखा चिरा पडलेला पांढरा डोंगर लागतो, मग १९३० साली पूर्ण झालेला मैलभराहून लांब बोगदा. आत दिवे नाहीत. कातळ फोडून बाजूला खिडक्या ठेवल्या आहेत, त्यांतून क्षणभर उजेड आत पडतो आणि लाल भिंत दिसून जाते. आई म्हणाली, “पूर्वी डेक्कन क्वीन खंडाळ्याला अशीच जायची.” आता नाही का जात, असं म्हणणार होते, पण तिला काय म्हणायचं होतं ते कळलं.

एंजल्स लँडिंगबद्दल मी खूप लिहीन असं मला वाटलं होतं. जाऊन-येऊन साडेपाच मैल, दीड हजार फुटांची चढण, वाटेत आखडून बांधलेली एकवीस वळणं, मग स्काउट लुकआउट, तिथे रेंजर परवाना बघतो, आणि पुढे ती धार. दोन्ही बाजूंना हजारेक फूट मोकळं. कातळ कोरडा, बुटाला छान धरतो. आपल्याकडच्या पावसाळी निसरड्यापेक्षा कितीतरी सोपा. साखळी धरून वर गेले, बसले, सफरचंद खाल्लं, उतरले. हात थरथरले, ते वयामुळे की सवय मोडल्यामुळे, ठरवता आलं नाही. स्काउट लुकआउटला परतताना डोक्यावरून एक कॅलिफोर्निया काँडोर गेला, इथलं भलंमोठं गिधाड, पंखाला नंबराचा बिल्ला. १९८२ मध्ये जगात हे पक्षी बावीस उरले होते; २०१९ मध्ये त्यांना वाचवण्याच्या प्रकल्पातलं हजारावं पिल्लू याच पार्कच्या कड्यावर जन्मलं. आपल्या गिधाडांची आठवण येऊन पाच मिनिटं तिथेच उभी राहिले. एंजल्स लँडिंगचं एवढंच. बारा वर्षं मनात घोळवलेली गोष्ट तीन-चार तासांत झाली.

खाली झायन लॉजच्या हिरवळीवर, त्या भल्यामोठ्या कॉटनवुडच्या सावलीत तिघं बसले होते. आई एका खारीला हाकलत होती. इथल्या खारींना खायला घालणं बेकायदा आहे आणि चावलेल्या बोटांचे फोटो असलेल्या पाट्या जागोजागी आहेत, पण ही खार धपाट्यांच्या डब्यावर पाय ठेवून उभी होती. “रामाच्या सेतूची पुण्याई किती दिवस पुरवणार?” आई तिला विचारत होती.

“झालं तुझं?” बाबा म्हणाले. “मग चला.” मी काय पाहिलं ते त्यांनी नंतर रात्री विचारलं.

शेवटच्या थांब्यापासून नदीपर्यंत मैलभराची बांधलेली वाट आहे, सपाट, चाकाची खुर्चीही बरीच पुढे जाते. आईला ती झेपली. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि भिंतीतून पाणी ठिबकत होतं. वरच्या वालुकाश्मात पाऊस मुरतो, शेकडो वर्षं झिरपत खाली येतो, मग खालचा चिकणमातीचा थर लागला की पुढे जायला वाट न मिळून आडवा बाहेर पडतो. ओल असेल तिथे भिंतीवरच नेचे आणि शेवाळ माजलेलं, वाळवंटात टांगलेली बाग. आई एका ठिकाणी थांबली, चष्मा कपाळावर चढवला आणि नाक भिंतीला लागेल इतकी पुढे वाकली.

“हा हंसराज,” ती म्हणाली.

काळे, केसासारखे देठ, पंख्याच्या आकाराची नाजूक पानं. खोकल्यावर तिची आजी काढा करायची त्यातला. मी खरंच का म्हणून संध्याकाळी शोधलं. तोच, घाटातल्या विहिरींच्या कठड्यावर उगवतो तोच. आई तिथल्या दगडी कठड्यावर बसली. मी इथेच थांबते म्हणाली, तुम्ही काय ती नदी बघा. ओळखीचं माणूस भेटल्यासारखी ती त्या भिंतीशेजारी बसून राहिली.

वाट संपते तिथे पायऱ्या नदीत उतरतात. भाड्याचे बूट, जाड मोजे, हातात काठी घेतलेली शे-दीडशे माणसं पाण्यातून वर निघालेली. बाबांनी पँट गुडघ्याच्या वर दुमडली. मला वाटलं ते सगळ्यांबरोबर आत चालत जातील. दोन वळणं तरी जाऊ, असं माझ्या शीटमध्ये होतं. ते वीस पावलांवर थांबले. नदी जिथे सरळ आणि सारख्या रुंदीची होती तिथे. कडांकडे त्यांनी अजून एकदाही वर बघितलं नव्हतं.

“तू तिकडे जा. तीस फूट. पावलं मोज. आणि मी हो म्हटल्यावर घड्याळ चालू कर.”

त्यांनी आधी नदी आडवी ओलांडली, पावलं मोजत. मग परत येताना पाच ठिकाणी काठी टेकवून रबरं बघितली आणि ओठ हलवत आकडे पाठ केले. पाणी घोट्याच्या वर, मध्ये पोटरीला, बर्फासारखं. तळाशी नारळाएवढे गोटे. दर पावलाला ते काठीवर रेलत होते आणि मी प्रत्येक वेळी श्वास धरत होते. एकोणसत्तर वर्षांचा माणूस. एका अमेरिकन मुलाने त्यांना हात देऊ केला, त्यांनी त्याच्या हातात काठी दिली आणि खिशातून कॉटनवुडचं पिवळं पान काढलं. पान लॉजच्या हिरवळीवरून उचललेलं असणार.

“हो!”

पान माझ्याकडे यायला लागलं. फिरत, एका दगडाशी अडखळत, परत धारेला लागत. चौदा सेकंद. पुन्हा. सोळा. पुन्हा. पंधरा. तो मुलगा विचारत होता, हा खेळ काय आहे? मी म्हटलं, माझे वडील नदी मोजताहेत. तो तिथेच थांबला. मग त्याची मैत्रीण थांबली. आमच्या मागे माणसांना वळसा घालावा लागत होता.

बाबा डोळे मिटून उभे होते, तोंडाने पुटपुटत. अठ्ठावीस फूट रुंदी गुणिले एक पूर्णांक सतरा फूट खोली, गुणिले सेकंदाला दोन फूट वेग, पृष्ठभागाचं पाणी जास्त पळतं म्हणून त्याचे पंच्याऐंशी टक्के.

“पंचावन्न-छप्पन्न,” त्यांनी जाहीर केलं. मुलाने टाळ्या वाजवल्या. आणि मग बाबांनी मान वर केली. दोन्ही भिंतींच्या मध्ये वर आभाळाची नदीएवढीच पट्टी होती. ते बराच वेळ तसेच बघत राहिले, पाय पाण्यात. मी भाटघरच्या उन्हातला पाऊण तास त्यांना पुन्हा कधी ऐकवला नाही.

दरीत फोनला रेंज नाही. रात्री कनॅबला, पाय गरम पाण्यात घालून, त्यांनी आलेख उघडला. आम्ही तिघं बघत होतो. दुपारी अडीचचा आकडा: सत्तेचाळीस.

ते काही बोलले नाहीत. मोटेलच्या पॅडवर पुन्हा सगळं मांडलं. एकदा खोडलं. आई पलंगावर गुडघ्याला तेल चोळत होती, नवरा उद्याच्या ब्राइस कॅन्यनच्या रस्त्याबद्दल काहीतरी विचारत होता.

“पंच्याऐंशी टक्के कालव्याला धरतात,” बाबा अखेर म्हणाले. “तळ गुळगुळीत असतो. इथे एवढे गोटे, बहात्तर धरायला हवे होते. आणि पान तिन्ही वेळा मधूनच गेलं, कडेचं पाणी मोजलंच नाही आपण.” त्यांनी पॅड माझ्याकडे सरकवला. “उद्या सकाळी लवकर निघालो तर परत एकदा…”

“अहो,” आई म्हणाली, “रिटायर होऊन अकरा वर्षं झाली,” आणि तिने दिवा मालवला. अंधारात थोड्या वेळाने तिचाच आवाज आला, “किती वाजता निघायचं म्हणताय?”